ओलं सूत, कोरडं सूत: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या महिन्यात ओल्या सुती धाग्यावर लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव नाही, ‘मेकॅनिकल इंजिनिअर, पुणे’ एवढीच सही. खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण त्यातलं एक वाक्य दोन ओळींत निपटणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते: सुती धागा भिजला की तो तोडायला कोरड्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि असं का होतं, एवढाच त्या लेखाचा विषय होता.

प्रतिक्रिया जशी आली तशी देते:

“ताई, लेख वाचून हसू आलं. कागद आणि कापूस दोन्ही सेल्युलोजच, ओला कागद ओढून बघा काय होतं ते. पावसात भिजलेल्या कापसाला भाव का मिळत नाही, हे तुमच्या गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. शिवाय ताकद आणि ताठपणा यांत गल्लत केली आहे आणि मायक्रोनेअरला नुसता बारीकपणा म्हटलं आहे. मी पंधरा वर्षं मटेरियल टेस्टिंग केलं आहे. गावाकडच्या आठवणींना विज्ञानाचा मुलामा देऊ नये, वाचकांची दिशाभूल होते.”

आधी भाषेबद्दल बोलते. तुम्हाला हसू आलं ते तुम्ही कळवलंत, ठीक आहे. पण मतभेद सांगताना सुरुवात हसण्याने आणि शेवट ‘दिशाभूल’ने करायची गरज नव्हती. माझ्या लेखात एखादं विधान पटलं नाही तर ‘याला आधार काय?’ एवढं विचारायचं होतं, मी तेव्हाच दिला असता. आणि हे ‘ताई’. आमच्या गावात मला ताई म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांना मी भाऊ म्हणते, त्यांच्या घरचं लग्न माझ्या घरचं असतं. समोरच्या बाईला शिकवायला बसायच्या आधी लावलेलं ‘ताई’ मला ऐकूनच कळतं. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांपासून निवृत्त साहेबांपर्यंत सगळे ते लावतात, आणि त्यापुढे काय येणार ते ठरलेलं असतं.

तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे, ते आधी नोंदवते. मायक्रोनेअर, म्हणजे कापसाच्या तंतूचा बारीकपणा आणि पक्वता मिळून दाखवणारा आकडा. त्याबद्दल मी एकच वाक्य लिहिलं होतं, तिथे आणखी एक हवं होतं. मायक्रोनेअर मोजताना ठरलेल्या वजनाची रुई एका ठरावीक जागेत दाबून बसवतात आणि तिच्यातून हवा सोडतात. तंतू बारीक असेल तर तेवढ्याच वजनात जास्त तंतू बसतात, एकूण पृष्ठभाग वाढतो, हवेला घर्षण जास्त होतं आणि कमी हवा पार होते. म्हणजे आकडा लहान. पण तंतू बारीक नसून अपुरा पिकलेला असेल, त्याची भिंत पातळ राहिली असेल, तरी आकडा लहानच येतो. ३ हा आकडा उत्तम बारीक कापसाचाही असू शकतो आणि पाणी न मिळालेल्या, अर्धवट पिकलेल्या बोंडाचाही. पहिल्याचं तलम सूत निघतं. दुसऱ्याच्या सुतात गाठी येतात आणि कापडाला रंग नीट धरत नाही. हे मी लिहायला हवं होतं. लेखाचा विषय तो नव्हता, म्हणून वाढवलं नाही, एवढंच.

आता ते वाक्य. ‘तुमच्या गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.’

मला विचारा ना. मी वर्धा जिल्ह्यातल्या कोरडवाहू कापसाच्या घरात जन्मले. दिवाळीच्या सुट्या आम्हा बहिणींच्या वावरातच गेल्या, पोटाला ओटी बांधून, पऱ्हाटीच्या ओळी धरून. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी कशी घुसतात आणि संध्याकाळी भाकरी मोडताना त्या चिरांत मीठ-तिखट कसं झोंबतं, हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. सकाळी लवकर वावरात पोचलो की माय आधी झाडाला हात लावून बघायची आणि म्हणायची, “दव सुकू दे वं पोरी, मंग येचजो.” वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर असते, त्यांना दवाचा कापूस परवडतो, घरच्यांना परवडत नाही. पुढे मी बी.एस्सी. केलं, हायस्कूलवर विज्ञान शिकवलं, आणि शिकवायला लागण्याआधी दोन हंगाम एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, तपासणी खोलीत बसले. तेव्हा शेतकऱ्याला विचारायला मला बाहेर जावं लागत नाही.

आणि शेतकरी तुम्हाला काय सांगेल तेही सांगते. तो सांगेल की ओल्या कापसाला भाव मिळत नाही. बरोबर आहे. पण का मिळत नाही, हे तुम्ही त्याला विचारलेलं नाही, तुम्ही ते गृहीत धरलं. ओल्या कापसाचा भाव पडतो म्हणजे त्याचा तंतू कमजोर झाला, असा थेट उड्डाणपूल तुम्ही बांधला. मधलं सगळं गाव खाली राहिलं.

बाजारात गाडी उभी राहते तेव्हा काय होतं ते बघा. ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतो, त्याच्या सळया कापसात खुपसतो. ते यंत्र तंतूची ताकद मोजत नाही. ओल्या कापसातून वीज सोपी जाते, कोरड्यातून अवघड, त्यावरून ते पाण्याचं प्रमाण दाखवतं. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव असतो, त्याच्या वर कटती लागते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतच नाहीत. हिशोब करून बघा. १२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल कापूस वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर साधारण ९५ किलो ६५० ग्रॅम भरतो. म्हणजे घेणारा चार किलोंहून जास्त पाण्याचे पैसे देणार होता. कटती त्या पाण्याची आहे. यात ताकदीचा संबंध कुठे आला?

दुसरं कारण गंजीचं. ओलसर कापूस घरात गंजी घालून ठेवला आणि चार-आठ दिवसांनी कोपरापर्यंत हात आत घातला, तर आत गरम लागतं. बाहेर थंडी आणि आत ऊब. सरकीला ओल मिळाली की तिचा श्वास वाढतो, बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, आणि ती उष्णता कापसातून बाहेर पडत नाही, कारण कापूस हवा धरून ठेवतो. बाहेर काढलेल्या मुठीला कुबट वास येतो आणि पांढऱ्यावर पिवळसर झाक दिसते. सरकीही खराब होते, तेलाला आणि बियाण्याला दोन्हीला. व्यापारी या पिवळ्या झाकेला घाबरतो, आणि ते रास्त आहे.

तिसरं कारण परतीच्या पावसाचं, आणि तुमच्या म्हणण्यात थोडंफार तथ्य कुठे असेल तर ते इथेच. बोंड फुटलं आहे, वेचायला मजूर नाहीत, आणि आठ-आठ दिवस झड लागली. तेव्हा उघड्या कापसावर अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियमसारख्या बुरशी वाढतात. पांढऱ्या कापसावर करडे ठिपके दिसतात ते त्यांचेच. त्यातल्या काही सेल्युलेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात आणि तंतूच्या भिंतीतलं सेल्युलोज तोडून खातात. असा तंतू खरंच कमजोर होतो आणि तो वाळवला तरी कमजोरच राहतो. ‘तरी’वर लक्ष द्या. पाण्याने कमजोर केला असता तर वाळल्यावर ताकद परत आली असती. त्याला किड्यामुंग्यांनी नाही, पण सूक्ष्मजीवांनी खाल्लेलं असतं. पाणी त्यांना फक्त आत घेऊन आलं. उलट स्वच्छ, निरोगी तंतू पाण्यात बुडवा, लगेच ओला असताना ओढा, तो कोरड्यापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त भार घेतो. वस्त्रविज्ञानाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे दिलेलं आहे. माझ्या मूळ लेखात हेच वाक्य होतं आणि ते आजही तसंच आहे.

आमच्या घरी बैलांना सुती कासरा असे. पावसात भिजलेल्या कासऱ्याची गाठ सोडायची म्हणजे दात लावायची वेळ येई. बाबा म्हणत, “वला दोर तुटत बी नाही अन् सुटत बी नाही.” तुम्ही याला आठवण म्हणाल. मी याला निरीक्षण म्हणते, आणि त्याचं कारणही आहे: भिजलेला कापसाचा तंतू जाडीत पाचव्या हिश्श्याच्या आसपास फुगतो, लांबीत मात्र जेमतेम एखादा टक्का वाढतो. पीळ दिलेल्या दोरात सगळे तंतू एकाच वेळी जाड झाले की ते एकमेकांवर दाबले जातात, दोर आखडतो, गाठ आवळते. बाबांना टक्के माहीत नव्हते. पण जे बघितलं ते त्यांनी बरोबर बघितलं होतं. ‘गावाकडच्या आठवणी’ या दोन शब्दांत तुम्ही त्यांना ज्या सहजतेने बाजूला सारलंत, त्याचं मला वाईट वाटलं. राग नंतर आला.

गाव नको असेल तर शहराकडे चला. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्या गिरणीत हवा दमट ठेवायची यंत्रं एकोणिसाव्या शतकातच बसवली गेली. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की कातताना सूत तुटत राहतं. दमट हवेने स्थिर वीज कमी होते, तंतू उडत नाहीत, हीसुद्धा कारणं आहेत, पण सूत कमी तुटतं हे त्यातलं मोठं कारण. आजही विणाईच्या खात्यात सापेक्ष आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. हातमागावरचे विणकर मे महिन्यात मागाखालच्या जमिनीवर पाणी शिंपडतात. ओलाव्याने सूत कमजोर होत असतं तर ही सगळी माणसं दीडशे वर्षं पैसे खर्चून स्वतःचं नुकसान करत होती असं म्हणावं लागेल.

आणि तुमच्याच क्षेत्रातलं सांगते. कापसाची ताकद तपासायची प्रयोगशाळा ६५ टक्के आर्द्रतेवर ठेवावी लागते, नमुना आधी त्या हवेत मुरू द्यावा लागतो. कारण हवा दमट असली तर ताकदीचा आकडा वर जातो, कोरडी असली तर खाली. मी ज्या तपासणी खोलीत बसत होते तिथे दुपारी कूलर बंद पडला की आकडे घसरायचे, आणि आमचे वरिष्ठ तेवढ्या वेळचे नमुने बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला सांगायचे. पंधरा वर्षं मटेरियल टेस्टिंग केलेल्या माणसाने चाचणीच्या खोलीची आर्द्रता कशासाठी धरतात, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारायला हवा होता. पोलादाच्या पट्टीला त्याने फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे. पोलादाबद्दल तुम्ही बोलाल तेव्हा मी गप्प बसून ऐकेन.

आता असं होतं कसं, ते थोडं नीट सांगते, कारण तुमच्यापेक्षा इतर वाचकांना त्यात रस असेल. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एक पेशी. एकच. फूल उमललं की ती लांब व्हायला लागते, तीनेक आठवडे लांबत राहते, आणि मग आतून सेल्युलोजचे थर बसायला लागतात. बोंड फुटायला सगळे मिळून पन्नासेक दिवस लागतात. या थरांत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म दोऱ्या तंतूच्या लांबीभोवती तिरप्या, मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या असतात आणि मधेमधे त्यांच्या वळणाची दिशा उलटते. बोंड उघडेपर्यंत पेशी ओली आणि गोल असते. उघडल्यावर ती वाळते, चपटी होते, पिळवटते. या वाळण्यात आतल्या दोऱ्या जिथे असतील तिथे अवघडून चिकटतात: काही ताणलेल्या, काही सैल. असा तंतू ओढला की सगळा भार ताणलेल्या दोऱ्यांवर येतो. जोडीतल्या एकाच बैलाने जू ओढावं आणि दुसऱ्याने नुसतं चालावं तसं. एक दोरी तुटली की भार शेजारच्या दोरीवर, मग तिच्या शेजारच्या.

पाणी आत शिरतं ते दोऱ्यांच्या मधल्या, विस्कळीत भागात. सुबक रचलेल्या स्फटिकी भागात त्याला जागाच नाही. मधला भाग सैल झाला की दोऱ्या थोड्या सरकतात, सरळ होतात, आणि भार वाटून घेतात. शिवाय कापसातल्या सेल्युलोजच्या साखळ्या फार लांब असतात, एकेकीत हजारो ग्लुकोजचे दुवे. त्यामुळे थोडं सरकल्याने त्या निसटून येत नाहीत. व्हिस्कोस रेयॉनही सेल्युलोजच, पण लाकडाचा लगदा विरघळवून पुन्हा घट्ट केलेला. त्यात साखळ्या तोकड्या, शेकड्यांत मोजण्याजोग्या, आणि स्फटिकी भागही कमी. म्हणून व्हिस्कोस भिजला की त्याची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. सुती लुगडं नदीच्या दगडावर वर्षानुवर्षं आपटून धुतलं तरी टिकायचं, आणि रेयॉनची साडी तशी धुतली की फाटायची, हे आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तुम्ही शेतकऱ्याला विचारायला सांगितलंत. धुणं धुणाऱ्या बाईला विचारायचं सुचलं नाही.

कागदाचं उत्तर यातच आलं, पण तुम्ही ते पहिलं हत्यार म्हणून काढलंत म्हणून वेगळं देते. कागदात तंतूंचे तोकडे तुकडे एकमेकांवर नुसते पसरलेले असतात. पीळ नाही, वीण नाही. एका तुकड्याला दुसऱ्याशी धरून ठेवतात ते त्यांच्या पृष्ठभागांमधले हायड्रोजन बंध. पाणी पहिल्यांदा तेच बंध सोडवतं. त्यामुळे साधा कागद भिजला की त्याची ताकद दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पण फाटलेल्या ओल्या कागदाची कड भिंगाखाली बघा, तंतू तुटलेले फार कमी दिसतील, निसटलेले जास्त. कागद सुटला, सेल्युलोज तुटलं नाही. भिंत पडली म्हणून वीट कच्ची होती असं तुम्ही तुमच्या अहवालात लिहीत नसाल अशी आशा आहे.

ताकद आणि ताठपणा: ओला सुती तंतू कोरड्यापेक्षा लवकर लांबतो, त्याचा ताठपणा बराच उतरतो. हे मला माहीत आहे. माझा लेख धागा तुटायला किती भार लागतो यावर होता, तो किती लांबतो यावर नव्हता. जे लिहिलंच नाही त्यात गल्लत कशी होते, हे तुम्हीच सांगा. यावर मी जास्त वेळ घालवणार नाही.

‘दिशाभूल’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा असं मला वाटतं. माझं लेखन वाचणारी बरीच मुलं तालुक्याच्या शाळांतली आहेत. त्यांच्यापैकी काहींनी तुमची प्रतिक्रिया वाचून मला विचारलं की मॅडम, मग आपण वर्गात केलेला प्रयोग खोटा होता का? त्यांच्या घरी कापूस पिकतो. आपल्या अंगणातल्या वस्तूबद्दल आपल्याला काही कळू शकतं, हा त्यांचा विश्वास फार कोवळा असतो. पुण्याहून एका वाक्यात तो खुडता येतो, आणि तुम्ही तो खुडलात. माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहा, मी उत्तर देऊ शकते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढचं लिहिण्याआधी तो प्रयोग करून बघा, घरी होतो. पूजेचं कच्चं सूत घ्या, एकाच गुंडीतलं. त्याचे सारख्या लांबीचे तुकडे करा, निम्मे कोरडे ठेवा, निम्मे तासभर पाण्यात बुडवा. टोकांना गाठ मारू नका, सूत गाठीपाशीच तुटतं आणि निकाल बिघडतो. दोन्ही टोकं दोन वेगळ्या गुळगुळीत काठ्यांवर, एक वर आणि एक खाली, चार-पाच वेढे देऊन बसवा. खालच्या काठीला रिकामी बाटली टांगा आणि तिच्यात बारीक धारेने पाणी ओता. सूत तुटेल त्या क्षणी धार थांबवा आणि बाटली वजन करा. एका तुकड्यावरून काही ठरवू नका, कच्चं सूत जागोजागी कमी-जास्त असतं. दोन्ही बाजूंची सरासरी काढा. आणि दुकानातला शिवणाचा दोरा वापरू नका. तो आता बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टरचा असतो, पाण्याने त्याला जवळजवळ काहीच होत नाही, आणि मग तुम्ही पुन्हा येऊन माझंच चुकलं म्हणाल.